भिंगावरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि गेल्या कित्येक वर्षांत एका मुलीशिवाय मला कुणी डोळा लावलेला नाही. कुंकू मात्र दरवर्षी लावतात.

सूक्ष्मदर्शक म्हणजे मायक्रोस्कोप. तुम्ही मला ओळखत असणार. माझी आकृती तुम्ही काढलेली आहे, बाण मारून माझ्या अवयवांना नावं दिलेली आहेत आणि त्याचे गुणही तुम्हाला पडलेले आहेत. मला प्रत्यक्ष पाहिलं नसेल तरी काही बिघडत नाही. आपल्याकडे पोहणंसुद्धा आकृती काढून शिकता येईल. फक्त बाण सरळ आले पाहिजेत.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. पितळेची नळी, लोखंडी पाय आणि पोटाखाली एक गोल आरसा. आरशाने खिडकीतला उजेड गोळा करायचा, भिंगाने बारीक वस्तू मोठी करून दाखवायची, एवढीच माझी विद्या. त्या विद्येला एक अट आहे. दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी डोळा लागतो.

लाकडी पेटीत, गवतात गुंडाळून मी औरंगाबादच्या स्टेशनावर उतरलो, तेव्हा शहराचं नाव अजून तेच होतं. तिथून एसटीने बिडकीन, आणि बिडकीनपासून पुढे आमच्या गावापर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. ट्रॅक्टर गावच्या पाटलांचा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझ्या आयुष्यात पुढे जे जे घडलं, त्याची सुरुवात त्या ट्रॉलीपासून आहे.

शाळेत विज्ञान शिकवायला संध्याबाई होत्या. त्यांनी पेटी उघडली, मला खिडकीत ठेवलं आणि स्वतःच्या डब्यातला कांदा काढून त्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर पसरला. "रांग लावा," त्या म्हणाल्या. रांग लागली. सगळ्यांत पुढे पाटलांचा सांडू उभा राहिला. तो का पुढे, असं कुणी विचारलं नाही. ट्रॉली त्याच्या बापाची होती.

सांडूने डोळा लावला आणि ओरडला, "बाई! कांद्यात विटांची भिंत हाय!"

मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक. तेव्हा तो पोरगा खरंच चकित झाला होता. आता त्याच्याकडे बघून पटत नाही, पण मी साक्षीदार आहे.

रांगेत सगळ्यांत शेवटी केरबा होता. मेंढपाळाचा पोरगा, वर्गात खाली बसणारा. दिवाळीनंतर कळपामागे गेला की उन्हाळा सरेपर्यंत शाळेत दिसायचा नाही, म्हणून हजेरीत शेवटी आणि हजेरीत शेवटी म्हणून रांगेतही शेवटी. त्याच्या पुढची पोरगी बाजूला झाली, त्याने डोळ्यावर आलेले केस मागे सारले, मान वाकवली आणि घंटा झाली.

"उद्या पहिला नंबर तुझा," संध्याबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच केरबाला हाक मारली. केरबाचा कळप पहाटेच गोदावरीच्या अंगाला निघून गेला होता.

पुढे संध्याबाई निवृत्त झाल्या. बिडकीनच्या बाजूला कारखाने आले. जमिनींचं सोनं झालं, म्हणजे ज्यांच्या जमिनी होत्या त्यांचं. मेंढ्या चारणाऱ्यांचं फक्त गवत गेलं. सांडूचा सांडूअण्णा झाला. अण्णांनी शिक्षणसंस्था काढली, शाळेला विज्ञानाचं कनिष्ठ महाविद्यालय जोडलं आणि नव्या इमारतीत एक प्रयोगशाळा बांधली. फरशी इतकी गुळगुळीत की चालताना भीती वाटावी. तशी भीती बाळगण्याचं कारण नव्हतं, कारण तिथे कुणी चालत नसे. मला शेजारच्या वर्गातल्या काचेच्या कपाटात ठेवण्यात आलं आणि कपाटाला कुलूप लावण्यात आलं. किल्ली अण्णांच्या गाडीत असते आणि गाडी नेहमी गावाबाहेर असते.

वर्षातून दोनदा कपाट उघडतं. एकदा दसऱ्याला आणि एकदा बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला.

दसऱ्याला आमची पूजा होते. आपल्याकडे शेतकरी नांगर पुजतो, शिंपी मशीन पुजतो, तशी संस्था आम्हाला पुजते. तराजूला झेंडू, बर्नरला झेंडू, हाडांच्या सापळ्याला नारळ. मला हळदकुंकू. आता कुंकू लावायचं तर कपाळ पाहिजे, आणि माझं कपाळ कोणतं याबद्दल कुणालाच खात्री नव्हती. शेवटी जे सगळ्यांत वर आहे ते कपाळ, असं ठरलं. सगळ्यांत वर माझं भिंग आहे, जिथे डोळा लावतात ते. त्यावर दरवर्षी ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं गेलं आणि जुन्यावर नवा थर चढत गेला. माझी इतकी भक्ती झाली, इतकी भक्ती झाली, की मी आंधळा झालो.

कुणाच्या लक्षात आलं नाही. आंधळेपणा कळायला कुणीतरी बघावं लागतं.

तुम्ही विचाराल, प्रात्यक्षिक परीक्षेत तरी बघत असतील? तीच गोष्ट सांगायची आहे.

शहरात गारखेड्याच्या बाजूला एक मोठा क्लास आहे. डॉक्टर आणि इंजिनिअर व्हायला निघालेली शहरातली पोरं तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसतात. पण बारावीला बसायचं तर कुठल्यातरी कॉलेजात नाव पाहिजे आणि कॉलेजात नाव असलं की कॉलेजात जावं लागतं. ही मोठीच अडचण. ती अण्णांनी सोडवली. पोरांची नावं आमच्याकडे, पोरं क्लासात. याला 'टाय-अप' म्हणतात. गैरप्रकाराला आपल्या भाषेत पुष्कळ शब्द आहेत, म्हणून हा मुद्दाम बाहेरून आणला असावा. हजेरीत वर्ग गच्च भरलेला असे. प्रत्यक्षात पहिल्या दोन बाकांवर गावची पोरं, मागे सगळी रिकामी बाकं आणि त्या बाकांवर रोज 'हजर' असलेली श्रीमंती.

अण्णांची मुलगी श्रेयाही त्यातलीच. वडिलांचं कॉलेज गावात, मुलगी शहरात. हलवाई आपल्या घरी मिठाई खात नाही म्हणतात, त्यातला प्रकार.

जीवशास्त्र शिकवायला विश्वजीत सर होते, तासावर नेमलेले तरुण मास्तर. नेमणूक दरवर्षी जूनमध्ये नवी व्हायची, त्यामुळे सर जूनपर्यंत भीतभीत शिकवायचे आणि जूननंतर पुढच्या जूनला भीत शिकवायचे. माणूस वाईट नव्हता. कपाटाकडे पाठ करून ते फळ्यावर माझी सुरेख आकृती काढायचे.

"सर," पहिल्या बाकावरून एक मुलगी विचारायची, "पाठीमागं खरा हाय की. तो काढा ना."

"प्रॅक्टिकलला काढू, सुकेशनी."

"अकरावीत बी तुमी हेच म्हणले होते."

"मग बघ, मी शब्द बदलत नाही," सर म्हणायचे आणि पुन्हा बाण मारू लागायचे. वर्ग हसायचा. सर हसायचे नाहीत.

ती सुकेशनी म्हणजे केरबाची पोरगी. मधल्या सुट्टीत ती ओढणीच्या टोकाने माझ्या कपाटाची काच पुसायची आणि नाक टेकवून आत बघायची. एकदा मैत्रिणीला म्हणाली, "आमच्या आबाला यात कांद्याच्या खोल्या बघायच्या व्हत्या. घंटाच झाली म्हणं. अजून बी कांदा चिरताना सांगतेत." तिला स्वतःला गुराढोरांची डॉक्टर व्हायचं होतं. बारावीनंतर त्याची पदविका करता येते आणि तिची यादी बारावीच्या गुणांवर लागते, एवढं तिने शोधून काढलेलं होतं.

बारावीच्या वर्षी दसऱ्याला कपाट उघडलं. अण्णा सदरा घालून आले, भटजींनी मंत्र म्हटले, माझ्या आंधळ्या डोळ्यावर आणखी एक बोट कुंकू टेकलं. आरती संपत आली तेव्हा दारात केरबा दिसला. खांद्यावर घोंगडी, पायातल्या वहाणा बाहेर काढलेल्या. शेजारी सुकेशनी, हातात खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली.

"अण्णा, पोरीचं एक काम हाय," केरबा म्हणाला.

"ये रे, ये! अरे, सर, हा केरबा. आम्ही एका बाकावरचे!"

"तुमी बाकावर व्हते अण्णा. म्या खाली," केरबा म्हणाला. अगदी सहज, चूक दुरुस्त करावी तसं.

अण्णा मोठ्याने हसले. मोठ्या माणसाला अशा वेळी मोठ्यानेच हसावं लागतं.

सुकेशनीने सांगितलं, की कळपातल्या मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरतंय, चांगल्या धडधाकट मेंढ्या बसल्या की उठत नाहीत, आणि तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले की लेंड्या तपासल्या तर जंताची अंडी दिसतील. "मायक्रोस्कोपखाली बघायचं असतंय. आज कपाट उघडंच हाय, तर म्या म्हणलं..." तिने लेंड्या भरलेली ती बाटली पुढे केली.

अण्णांनी हात जोडले. बाटलीला नाही, मला. "अगं बाई, सरस्वतीच्या कपाळाखाली लेंड्या ठेवतेस? आणि आज दसरा. आज हत्याराची पूजा असते, आज ते वापरायचं नसतं. एवढं तरी घरी शिकवलंय का नाही?"

"मंग उद्या?"

"उद्या कुलूप."

मित्रांनो, नीट ऐका. परीक्षा सोडली तर जो एक दिवस मी कपाटाबाहेर असतो, त्या दिवशी मला वापरणं पाप आहे. ज्या दिवशी पाप नाही, त्या दिवशी मी कुलपात आहे. हे कुणी कट करून ठरवलेलं नाही. आपोआप झालेलं आहे. आपल्याकडे गरिबांच्या विरोधात ज्या गोष्टी होतात, त्या बहुतेक आपोआप होतात.

"आणि पोरीचं पुढं काय करायचं ठरवलंस?" अण्णांनी प्रसादाचा पेढा केरबाच्या हातावर ठेवत विचारलं.

"सोयरे लई मागं लागलेत, अण्णा. हिचं एकच, डाक्टरीण व्हायचं. म्या म्हणलं, बारावीला फस्क्लास आण, मंग म्या कुणाला बधत नाय. पण नाय आला, तर भावकीत माझं त्वांड चालायचं नाय."

"येईल की! घरचंच कॉलेज आहे." अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाकी, फेब्रुवारीत बाहेरून परीक्षक येतात. त्यांच्या जेवणाचं बघावं लागतं. तुझ्याकडं एखादं बोकड असेल ना चांगलं?"

केरबाने पोरीकडे पाहिलं. पोरीने मान हलवून नको म्हटलं.

"हाय की," केरबा म्हणाला.

फेब्रुवारी आला. प्रात्यक्षिकाच्या सकाळी मला कपाटातून काढून मधल्या टेबलावर ठेवलं, समोर पाटी लावली: 'निरीक्षण करा व ओळखा'. मग फाटकातून वातानुकूलित बस आत शिरली. तिच्यातून पोरं उतरली, आळोखेपिळोखे देत इमारतीकडे बघू लागली.

"हेच का आपलं कॉलेज?"

"गूगलवर तर गोडाऊन दाखवत होतं यार."

"फोटो काढ, फोटो काढ. दोन वर्षं शिकलो इथं!"

ती पोरं दुष्ट नव्हती, हे सांगायला हवं. हसरी, थकलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली पोरं होती. त्यांनाही कुणी काही विचारलेलं नव्हतं. श्रेया पाण्याची बाटली घेऊन आत आली आणि तिने दाराशी उभ्या सुकेशनीला विचारलं, "ताई, वॉशरूम कुठंय?"

"मी ताई नाय. तुज्याच वर्गातली हाय," सुकेशनी म्हणाली. "रोल नंबर बी पुढचाच हाय तुज्या."

"ओ सॉरी! खरंच सॉरी." श्रेयाचा चेहरा लाल झाला. मग भरपाई केल्यासारखं ती हळूच म्हणाली, "ऐक ना, या मायक्रोस्कोपपाशी टाइम घालवू नको. कांदा लिही. ओनियन पील. आमच्या सीनियर्सनी सांगितलंय, इथं कायम कांदाच असतो."

"तू बघितलास?"

"बघायचं कशाला? कांदाच असतो."

आणि खरोखर, मित्रांनो, एकेक पोरगं माझ्यासमोर आलं, अर्धा क्षण वाकल्यासारखं केलं आणि कागदावर कांदा लिहून, विटांच्या भिंतीसारखी सुबक आकृती काढून पुढे गेलं. एकाने बाणसुद्धा मोजपट्टीने मारले. भिंगावरच्या कुंकवाचा टिळा नाकाला लागेल म्हणून एका मुलीने मान जरा लांबच धरली. मी ओरडून सांगणार होतो. मला तोंड नाही. मला फक्त डोळा आहे आणि तोही त्यांनी बुजवलेला.

कारण खरी गंमत पुढेच आहे. माझ्याखाली कांदा नव्हता. संध्याबाईंच्या हातची ती काचपट्टी नव्या इमारतीत सामान हलवताना फुटली. तेव्हापासून माझं पीठ, म्हणजे काचपट्टी ठेवायची जागा, रिकामं आहे. वर्षानुवर्षं पोरं रिकाम्या जागेतला कांदा ओळखत आली आणि त्यांना गुण मिळत आले. असा कांदा जगात दुसरीकडे पिकत नसेल.

शहरातल्यांचं आटोपलं. गावची पोरं व्हरांड्यात थांबवलेली होती, "पाहुण्यांचं आधी." मग जेवणाची सुट्टी झाली. मटणाच्या रश्श्याचा वास प्रयोगशाळेपर्यंत आला. सुकेशनी खिडकीच्या कठड्याला धरून उभी होती. ते बोकड तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं होतं.  तिने ओढणी नाकावर धरली.

जेवून परीक्षकसाहेब आणि अण्णा दात कोरत माझ्यापाशी आले.

"निकाल फार चांगला लागतो तुमचा, अण्णा," साहेब म्हणाले. "हाच थोडा प्रॉब्लेम आहे. सगळेच पैकीच्या पैकी निघाले, तर वरून विचारतात. दोन-चार कमी दाखवावे लागतील."

"गावची आहेत की तेवढ्याला," अण्णा म्हणाले आणि काडी खिडकीबाहेर टाकली.

एवढंच. आवाजात राग नाही, द्वेष नाही. शहरातल्या पोरांच्या गुणांना खरेपणा यावा म्हणून गावच्या पोरांचे गुण वापरायचे. एका बाजूने बोकड, दुसऱ्या बाजूने गुण. आणि हेही सांगतो, की त्या बसमधल्या पोरांना हे गुण फारसे लागणारही नव्हते. त्यांचे प्रवेश दुसऱ्याच मोठ्या परीक्षेवर ठरणार होते. त्यांना हे गुण म्हणजे पंगतीतली शेवटची चटणी. ज्यांचं सगळं जेवणच एवढं होतं, त्यांच्या पानातून ती उचलली गेली.

दुपारी सुकेशनीचा नंबर आला.

ती माझ्यासमोर बसली. पहिल्यांदा तिने मला हाताने चाचपलं, नळीला, चाकाला, आरशाला, जनावर हाताळावं तसं. मग आरसा खिडकीकडे वळवला. इतक्या वर्षांत माझा आरसा उजेडाकडे कुणी वळवला नव्हता. मग तिने डोळा लावला.

मित्रांनो, मला पाझर फुटायची सोय नाही.

"सर," ती मान वर न करता म्हणाली, "लाल दिसतंय."

"काय?" परीक्षकसाहेब पेंगत होते, ते जागे झाले.

"नुसतं लाल. अंधार बी हाय." तिने मान मागे घेतली. नाकावर कुंकू लागलेलं. मागे बसलेल्या पोरांत खसखस पिकली. तिने भिंगाकडे पाहिलं, बोट फिरवलं, बोट पाहिलं. "कुंकू हाय हे. सर, याच्यावर कुंकू फासलंय!"

विश्वजीत सर लगबगीने आले. तोंड तिच्या कानाशी नेऊन म्हणाले, "सुकेशनी, कांदा लिही आणि ऊठ."

"पण कांदा दिसत नाय, सर."

"दिसायचं राहू दे. लिही."

"तुमीच शिकवलंय ना सर, जे दिसलं ते लिहायचं. पाठ झालेलं नाय लिहायचं."

 स्वतःचंच वाक्य अंगावर आलं की माणूस दाराकडे बघतो. "बाई गं, माझी पण नोकरी आहे," एवढंच ते पुटपुटले.

तोवर तिने ओढणीचं टोक ओलं करून भिंगावर चोळायला सुरुवात केली होती. "ए, ए! हात लावू नको त्याला!" साहेब ओरडले. पण वर्षांचे थर निघत होते. लाल, मग पिवळा, मग पुन्हा लाल. तिने कोरड्या टोकाने शेवटचं पुसलं आणि डोळा लावला.

मला दिसलं.

गोल, स्वच्छ, पांढरा उजेड. आणि त्यात काहीच नाही. ती तशीच वाकून राहिली. मग बाजूने डोकावून पिठाकडे पाहिलं. "सर, खाली काचपट्टीच नाय," ती म्हणाली. आता मागची पोरं हसली नाहीत.

पुसताना तिच्या ओढणीवरून एक केस खाली पडला होता, माझ्या पिठाच्या भोकावर आडवा. पहाटे मेंढ्या सोडून आलेल्या पोरीच्या ओढणीवर दुसरं काय असणार? तिने गंजलेलं चाक फिरवलं. चाक करकरलं, अडलं, पुन्हा फिरलं. आणि उजेडात तो केस उभा राहिला. दोरखंडाएवढा जाड, आणि त्याच्यावर एकावर एक बसवलेले खवले, कणसावर पानं असतात तसे.

"आगं माय," ती हळूच म्हणाली. "मेंढीच्या लोकरीला खवलं असत्यात!"

सांडू ओरडला होता, त्यानंतर त्या सुरातलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

"काय लिहितेस?" साहेबांनी तिच्या खांद्यावरून वाकून विचारलं.

तिने लिहिलं होतं: 'काचपट्टी नाही. मेंढीच्या लोकरीचा एक केस आहे.' खाली आकृती काढली होती. वेडीवाकडी, पण खवले एकेक करून काढलेले. बाण एकच होता.

"उत्तर कांदा आहे, पोरी," साहेब म्हणाले. खरं तर जरा दयेनेच म्हणाले. "खोडून कांदा लिही. अर्धे तरी देतो."

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. तिला पहिला वर्ग पाहिजे होता. बापाने अट घातलेली. सोयरे दारात. बोकड गेलेलं. हे सगळं तिच्या तोंडावरून सरकताना मी पाहिलं. तिने पेन उचललं, 'केस' या शब्दावर टेकवलं आणि परत खाली ठेवलं.

"साहेब, तुमी एकदा बघा ना," ती म्हणाली. "एकदाच. मंग तुमी सांगाल ते लिहिते."

मित्रांनो, साहेबांपासून मी हातभर अंतरावर होतो.

"मला बघायची गरज नाही," साहेब म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि उठली.

निकाल लागला. फाटकावर फलक चढला: 'ग्रामीण भागातील गुणवंतांचे हार्दिक अभिनंदन'. वर श्रेयाचा फोटो आणि बसमधल्या पोरांचे फोटो, खाली अण्णांचा मोठा फोटो. ग्रामीण भागातली एवढी पोरं आम्हीही पूर्वी पाहिली नव्हती. सुकेशनीचा पहिला वर्ग थोडक्यात हुकला. ते थोडकं कुठलं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

जूनमध्ये ती दाखला न्यायला आली, सोबत केरबा. कार्यालयात माणूस नव्हता, म्हणून दोघं माझ्या कपाटापाशी थांबले. केरबाने काचेतून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी, पुन्हा शेवटच्या नंबरावर.

"यातच व्हत्या का गं त्या कांद्याच्या खोल्या?"

"तुमच्या येळंला असतील, आबा. आता काय बी नाय त्यात."

"मंग ती गाडीभर पोरं काय बघून गेली?"

"बघितलंच नाय त्यांनी."

"आन् तू?"

"म्या आपल्या मेंढीचा केस बघितला. लई भारी असतोय, आबा. खवलं असत्यात त्याला."

केरबाने घोंगडी सावरली. मग म्हणाला, "दिसलं तेच लिवलं ना?"

"व्हय."

"मंग फस्क्लासचं जाऊ दे खड्ड्यात. सोयऱ्यांना म्या बघतो. तू पुढं शिक."

सुकेशनी काचेवर नाक टेकवून उभी होती. "यादी लागली, आबा," ती म्हणाली. "माझ्या वरच्या गुणावर बंद झाली."

बापाची अट बापाने सोडली, मित्रांनो. यादीची अट सोडायला यादीला बाप नाही. विश्वजीत सरांचीही त्या जूनमध्ये नवी नेमणूक झाली नाही. अण्णांनी त्यांना नारळ दिला, माझ्या शेजारच्या सापळ्याला देतात तसाच.

आता सुकेशनी दिवसा कळपामागे असते. येत्या फेब्रुवारीत ती गुण सुधारायला पुन्हा परीक्षेला बसणार आहे. पुन्हा माझ्यासमोर येईल, पुन्हा पाटी असेल, 'निरीक्षण करा व ओळखा'. या वेळी ती काय लिहील, मला ठाऊक नाही. तिने गुपचूप 'कांदा' लिहिलं, तर तिला हसू नका. त्या दिवशी तिला पैकीच्या पैकी मिळतील आणि आपल्या शिक्षणाचं काम पूर्ण होईल.

वस्तूंची निगा राखा, हे अशा आत्मवृत्तांच्या शेवटी सांगायची पद्धत आहे. मी सांगणार नाही. माझी निगा उत्तम आहे. कुलूप आहे, काच आहे, झेंडू आहे, परवाच्या दसऱ्याला नवं कुंकूही झालं. तुम्ही फक्त एवढं करा. तुमच्या शाळेत माझा कुणी भाऊबंद कपाटात असेल, तर त्याला बाहेर काढायला लावा. रांग लावायची असेल तर या वेळी शेवटच्याला पुढे घ्या. आणि समोर जे नाही, ते आहे असं लिहायला कुणी सांगितलं, तर त्याला आधी डोळा लावायला सांगा.

सुकेशनीच्या मेंढीचा तो केस अजून माझ्या पिठावर आडवा पडलेला आहे. तिच्यानंतर कुणी वाकलेलंच नाही, त्यामुळे तो उडालेला नाही. फार सुंदर आहे. बघायचा असेल तर जरूर या. किल्ली अण्णांच्या गाडीत आहे आणि गाडी गावाबाहेर गेलेली आहे.